मधले अंतर कोणाचे?

अहिल्यानगरहून पाथर्डीकडे निघालेला कल्याण-निर्मल-विशाखापट्टणम महामार्ग करंजी घाट ओलांडून तिसगावात शिरतो, तेव्हा त्याचे महामार्गपण बाजारपेठेच्या तोंडाशीच संपते. शेवगावकडे जाणारा रस्ता येथेच फुटतो. आदिनाथनगरचा वृद्धेश्वर सहकारी साखर कारखाना जवळच असल्याने गळीत हंगामात उसाने भरलेले ट्रॅक्टर-ट्रेलर या वाहतुकीत येतात. होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत मढीच्या कानिफनाथांच्या यात्रेला निघालेल्या भाविकांच्या जीप, टेम्पो आणि दुचाकी त्यात मिसळतात. लांब पल्ल्याची मालमोटार, एस.टी. बस, भाजीचा टेम्पो आणि लहान मुलाला पुढे बसवून निघालेला दुचाकीस्वार, या सर्वांना एकाच रस्त्याने पुढे सरकायचे असते. तिसगाव हे केवळ एक उदाहरण झाले. महामार्ग ज्या ज्या गावाच्या पोटातून जातो, तेथे हेच दृश्य दिसते. पुण्या-ठाण्याच्या चौकांत तर ते अहोरात्र दिसते.

अशा संथ वाहतुकीविषयी आपल्या मनात दोन समजुती घट्ट रुजलेल्या आहेत. वेग कमी आहे म्हणजे धोका नाही, ही पहिली. पुढे दिसणारी मोकळी जागा वाया चालली आहे, ती तत्काळ भरून काढली पाहिजे, ही दुसरी. या दोन्ही समजुती तपासून पाहण्याची वेळ आली आहे.

साधा हिशेब करू. ताशी २० किलोमीटर हा वेग आपण क्षुल्लक मानतो. परंतु या वेगाने वाहन दर सेकंदाला साडेपाच मीटर, म्हणजे एका मोटारीच्या लांबीहून अधिक अंतर कापते. पुढच्या वाहनाचा लाल दिवा डोळ्यांना दिसणे, मेंदूने त्याचा अर्थ लावणे आणि पाय ब्रेकवर जाणे, यात सावध चालकाचाही सुमारे एक सेकंद जातो; लक्ष विचलित असेल तर अधिक. तेवढ्या अवधीत वाहन मूळ वेगानेच पुढे जात असते. मग पुढील वाहनापासून दोन मीटरवर चालणाऱ्याने कितीही तत्परता दाखविली, तरी त्याचा ब्रेक उशिराच लागणार. येथे कौशल्याचा प्रश्न नाही, अंकगणिताचा आहे.

मोटारीत बसलेल्यांना अशा धडकेत कदाचित मानेचा झटका बसेल, बंपर चेपेल, चार-दोन हजारांचा फटका बसेल. पण दोन मोटारींच्या मध्ये दुचाकी असली तर? मागून ढकलली गेलेली मोटार पुढच्या दुचाकीवर जाते आणि तोल गेलेला स्वार शेजारून सरकणाऱ्या मालमोटारीच्या चाकाजवळ पडतो. तेथे वेग ताशी १० किलोमीटर असला तरी पुरेसा ठरतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात ४,६१,३१२ अपघात झाले आणि १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्या अपघातांत मागून धडक बसण्याचा प्रकार सर्वाधिक होता, पाचांतील एकाहून अधिक. मृतांमध्ये ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीस्वार होते. हे आकडे सर्व प्रकारच्या रस्त्यांचे आहेत. परंतु मागून धडक का बसते, याचे कारण महामार्गावर आणि बाजारपेठेत बव्हंशी एकच आहे.

कायद्याने याचा विचार केलेला नाही, असे मुळीच नाही. पुढचे वाहन एकाएकी मंदावले वा थांबले तरी टक्कर होणार नाही इतके अंतर राखावे, अशी आज्ञा १९८९च्या रस्ता-विनियमांतील २३व्या विनियमात होती. त्याची जागा घेणाऱ्या २०१७च्या विनियमांतही हे कर्तव्य कायम आहे. ‘इतके’ म्हणजे किती, याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१८मध्ये एका खटल्यात दिले. मालमोटारीने अचानक ब्रेक लावला आणि मागची मोटार तिच्यावर आदळली. दोहोंतील अंतर अवघे १० ते १५ फूट होते. परिस्थिती अनुकूल असतानाही किमान दोन ते तीन सेकंदांचे अंतर हवे, हा व्यवहारातील दंडक न्यायालयाने सांगितला आणि दोष मागच्या मोटारचालकावर ठेवला.

मात्र जबाबदारी केवळ मागच्याचीच, असाही याचा अर्थ नव्हे. २०१७ साली कोइमतूर येथे एका मोटारचालकाने महामार्गावर कोणतीही सूचना न देता गाडी थांबविली. मागून येणारा महाविद्यालयीन तरुण दुचाकीसह तिच्यावर आदळून पडला आणि मागच्या बसखाली त्याने पाय गमावला. जुलै २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोषाची वाटणी केली, ती अशी : थांबणारा मोटारचालक ५० टक्के, बसचालक ३० टक्के आणि अंतर न राखणारा तो तरुण २० टक्के. पाय गमावलेल्या तरुणाच्या भरपाईतूनही हे २० टक्के वजा झाले. निर्णय कठोर वाटेल; पण रस्त्यावर प्रत्येकाचा हिशेब स्वतंत्र मांडला जातो, हे त्यातून कळते.

आता दुसरी समजूत. अंतर ठेवले की रांग लांबते आणि कोंडी वाढते, असे अनेकांना प्रामाणिकपणे वाटते. संचलनात चाललेल्या कोणालाही याचे उत्तर अनुभवाने ठाऊक आहे. ओळींतील अंतर बिघडले की मागच्याचा पाय पुढच्याच्या टाचेवर पडतो, तो अडखळतो, त्याच्या मागचा थबकतो आणि पाहता पाहता संपूर्ण तुकडीची लय विस्कटते. वाहनांचेही असेच होते. पहिल्याने ब्रेक किंचित दाबला, तर चिकटून असलेल्या दुसऱ्याला तो अधिक दाबावा लागतो, तिसऱ्याला त्याहून अधिक. दहावा जागीच थांबतो. जपानमध्ये युकी सुगियामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा प्रयोग केला. तो २००८ साली प्रसिद्ध झाला. २३० मीटर परिघाच्या वर्तुळाकार मार्गावर २२ मोटारी ताशी ३० किलोमीटरच्या सुमाराने चालवायच्या होत्या. ना सिग्नल, ना खड्डा, ना अतिक्रमण. तरीही थोड्याच वेळात कोंडी निर्माण झाली आणि ती लाटेसारखी मागे मागे सरकत राहिली. पुढे अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात झालेल्या अशाच प्रयोगाचे निष्कर्ष २०१७ साली जाहीर झाले. वीसहून अधिक वाहनांत केवळ एका वाहनाचा वेग संयमाने राखला, तेव्हा ती लाट विरली आणि इंधनाचीही बचत झाली.

तात्पर्य, पुढची मोकळी जागा वाया जात नसते. पुढच्याचा धक्का ती शोषून घेते आणि मागच्यापर्यंत पोहोचू देत नाही. तिसगावसारख्या ठिकाणी रस्त्याची रुंदी, अतिक्रमणे आणि वाहनतळ हे प्रश्न आहेतच. ते शासनाने आणि ग्रामपंचायतीने सोडवलेच पाहिजेत. परंतु मधले अंतर राखायला कोणत्याही निविदेची वाट पाहावी लागत नाही.

यावर नेहमीचा आक्षेप असा की, जागा सोडली की कोणीतरी मध्ये घुसतोच. घुसू द्यावे. एक वाहन मध्ये आल्याने आपण साधारण दोन सेकंद मागे पडतो. बाजारपेठ ओलांडेपर्यंत दहा वाहने घुसली, तरी नुकसान वीस सेकंदांचे. चिकटून चालल्याने एकदा धक्का लागला, तर मात्र अर्धा तास रस्त्यात हुज्जत, मागे शंभर वाहनांचा खोळंबा आणि प्रसंगी शब्दाने शब्द वाढून हातघाई. कोणता व्यवहार फायद्याचा, हे सुज्ञांस सांगणे नलगे.

आचरणाच्या दृष्टीने काही सोप्या खुणा लक्षात ठेवाव्यात. पुढचे वाहन एखाद्या खांबाजवळून गेले की मनात सावकाश ‘एकशे एक, एकशे दोन’ मोजावे. तेवढ्यात आपण त्या खांबाशी पोहोचलो तर अंतर अपुरे आहे. पावसात आणि रात्री हे मोजमाप दुप्पट करावे. रांगेत थांबताना पुढच्या वाहनाची मागची चाके रस्त्याला टेकलेली दिसतील एवढी जागा सोडावी. करंजीसारख्या घाटात चढावर त्याहून अधिक सोडावी, कारण भरलेली मालमोटार पुन्हा निघताना किंचित मागे येऊ शकते. उसाच्या ट्रेलरमागे तर विशेष सावध राहावे. मागचे दिवे अनेकदा नसतात किंवा उसाच्या वाढ्यांत झाकले जातात आणि मोळ्या बाहेर डोकावत असतात. आपल्यामागे कोणी चिकटून येत असेल, तर पुढचे अंतर आणखी वाढवावे, म्हणजे आपल्याला ब्रेक हळुवार लावता येईल आणि मागच्याच्या चुकीची शिक्षा त्याला वा आपल्याला भोगावी लागणार नाही.

आपण राष्ट्राच्या शिस्तीविषयी पुष्कळ बोलतो. ती शिस्त उत्सवाच्या दिवशी दिसते, यात नवल नाही. उन्हात, घाईत, कोणी पाहत नसताना ती दिसते का, हा खरा प्रश्न आहे. ज्याच्याशी आपली ओळख नाही आणि पुन्हा भेटही होणार नाही, अशा पुढच्या दुचाकीस्वाराच्या पाठीशी आपण किती जागा सोडतो, यावर आपल्या नागरिकत्वाची परीक्षा होते. घरातील मुले मागच्या आसनावरून हे सारे पाहत असतात. नागरिकशास्त्राच्या पुस्तकातील धडा ती परीक्षेपुरता पाठ करतील. वडिलांनी वा आईने शांतपणे राखलेले अंतर मात्र त्यांच्या हाती स्टिअरिंग येईल त्या दिवशी उपयोगी पडेल. तेव्हा प्रत्येक कुटुंबाने या आठवड्यापासूनच दोन सेकंदांचा हा नेम धरावा.