आरोग्यसंवाद : नातवाची हाक आणि पडद्यापलीकडचे डॉक्टर

‘याचे वडीलही उशिराच बोलू लागले,’ असे आपण आजी-आजोबा सहज म्हणून जातो. त्या दिलाशात कधी कधी मोलाचे महिने निघून जातात. स्वमग्नतेची प्राथमिक चाचणी आता व्हिडिओ कॉलवरून, घरबसल्याही होऊ शकते. ‘एम-चॅट’ ही 20 प्रश्नांची प्रश्नावली 16 ते 30 महिन्यांच्या बालकांसाठी आहे. अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या तज्ज्ञांनी विकसित केलेल्या पद्धतीत पालक बालकाशी खेळतात आणि तज्ज्ञ दुरून निरीक्षण करतात. हाक मारल्यावर मूल वळते का? नजरेला नजर देते का? हवी ती वस्तू बोटाने दाखवते का?

अशा वेळी वडीलधाऱ्यांनी एक पथ्य पाळावे. मुलाला पढवू नये, त्याच्या वतीने उत्तर देऊ नये. दूरचित्रवाणी संच बंद ठेवावा, नेहमीची खेळणी जवळ असू द्यावीत आणि रोज जे दिसते तेच सांगावे.

ही चाचणी म्हणजे निदान नव्हे. शंका आल्यास बालरोगतज्ज्ञांकडून प्रत्यक्ष तपासणी आणि श्रवणचाचणी करून घ्यावी. शंका निराधार ठरली तर आनंदच आहे. खरी ठरली, तर बालकाला मदत लवकर मिळेल.