क्रॅश होतोय? होऊ दे की!

"काय गं, परत रीस्टार्ट?" गेल्या सेमिस्टरला माझ्या रूममेटचा हा ठरलेला प्रश्न. आमचा मिनी प्रोजेक्ट म्हणजे लिनक्सचा छोटासा कॅरॅक्टर ड्रायव्हर. कोड जेमतेम दोनशे ओळींचा, पण तो लिहिण्यापेक्षा मशीन पुन्हा चालू व्हायची वाट बघण्यातच माझ्या रात्री गेल्या.

साध्या सी प्रोग्रॅममध्ये पॉइंटर चुकला तर तेवढा प्रोग्रॅम मरतो, आपण चहा पिऊन येतो. कर्नल मॉड्यूलचं तसं नाही. नल पॉइंटरला हात लागला की ‘ऊप्स’! मग मॉड्यूल काढायला जावं तर उत्तर येतं, ‘वापरात आहे’. वापरणारी प्रोसेस केव्हाच मेलेली असते, पण तिचा हिशोब वजा करायला कोणी उरलेलं नसतं. म्हणजे रीबूट आलाच. माझ्या डबड्या लॅपटॉपला वर यायला चार मिनिटं. रात्रीत पंधरा वेळा धरा, एक तास काळ्या स्क्रीनचं दर्शन!

त्यात एकदा पार्टनरच्या लॅपटॉपवर प्रयोग केला. तिने पेनड्राइव्हवरून सेमिनार रिपोर्ट नुकताच ‘मूव्ह’ केला होता. लिनक्स लिहिलेला मजकूर आधी मेमरीत ठेवतं, डिस्कवर सवडीने नेतं. त्याला 30 सेकंदही लागू शकतात. नेमकं तेवढ्यात माझं मॉड्यूल कोसळलं. फाइलचं नाव शिल्लक, आत शून्य बाइट. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, आणि बरोबरच होतं तिचं.

मग एका सीनियरने क्यूएमू दाखवलं. हे लॅपटॉपच्या आत दुसरं नकली मशीन. कर्नलची इमेज त्याला थेट देता येते, बूटलोडर लागत नाही, डिस्कसुद्धा नाही. बिझीबॉक्स, आपलं मॉड्यूल आणि एक इनिट स्क्रिप्ट यांचं छोटं गाठोडं करायचं. स्क्रिप्ट मॉड्यूल चढवते, टेस्ट चालवते, मशीन बंद करते. एक ‘मेक’ मारला की सात-आठ सेकंदांत निकाल. मेलं तर नकली मशीन मेलं! फक्त मॉड्यूल ज्या कर्नलसाठी बिल्ड केलं तोच कर्नल आत चालवायचा, नाहीतर ते चढतच नाही.

यात वेळ वाचतो हे खरं, पण माझा मुद्दा भीतीचा आहे. क्रॅश महाग असला की आपण प्रयोगच करत नाही, सीनियरच्या जर्नलमधला चालता कोड उतरवतो. व्हायवात "हे लॉक इथे का?" विचारलं की गप्प. मी लॉक काढून बघितलं, दहा वेळा हँग केलं, तेव्हा कळलं ते तिथे का.

सर म्हणतात, खऱ्या हार्डवेअरवर चालवल्याशिवाय ड्रायव्हर खरा नाही. मान्य. इंटरप्टचं टायमिंग, डीएमएच्या भानगडी नकली मशीनवर पूर्ण कळत नाहीत. पण ती शेवटची चाचणी असावी, पहिली नव्हे. लॅबच्या प्रत्येक मशीनवर हा सेटअप तयार असावा, एवढंच मागणं. खर्च शून्य, क्यूएमू फुकट आहे. ज्यांच्याकडे एकच लॅपटॉप आहे, तोही घरच्यांनी हप्त्यावर घेतलेला, त्यांनी तो पणाला का लावायचा?

असो. आमची मेकफाइल आणि स्क्रिप्ट मिळून चाळीस ओळी आहेत. हवी असेल त्याने रात्री मेसमध्ये गाठावं, पेनड्राइव्ह घेऊन. आणि हो, कॉपी करा, मूव्ह नको!