कार्लाइलची मुले

मुलांसाठी शाळा निवडताना आपण ऑफिसातल्या कपाटाकडे हमखास पाहतो. कप आणि ढाली मांडलेल्या दिसल्या की मनाला तसल्ली वाटते. जिथली मुले जिंकतात ती शाळा चांगलीच असणार, असा आपला हिशेब असतो. वाचकहो, हा हिशेब किती फसवा ठरू शकतो ते अमेरिकेतल्या एका शाळेच्या १९१२ सालच्या फुटबॉल हंगामावरून समजते.

पेनसिल्व्हेनिया राज्यातील कार्लाइल गावात, जुन्या लष्करी छावणीत ही शाळा १८७९ साली सुरू झाली. रिचर्ड हेन्री प्रॅट या लष्करी अधिकाऱ्याने ती तिथल्या मूळ रहिवाशांच्या, म्हणजे इंडियन जमातींच्या मुलांसाठी काढली. माणूस वाचवायचा तर त्याच्यातला इंडियन मारला पाहिजे, असे प्रॅट यांचे मत होते आणि त्यांनी ते जाहीरपणे मांडलेही. मुले शेकडो मैलांवरून आणली जात. आल्याबरोबर त्यांचे लांब केस कापत, नाव बदलत, अंगावर गणवेश चढवत. मायबोलीत बोलले तर शिक्षा होई. आजार आणि विरहाने अनेक मुले तिथेच दगावली. शाळेच्या कब्रस्तानात शंभराहून अधिक मुले दफन झाली.

याच शाळेने फुटबॉलचा जबरदस्त संघ उभा केला. हा फुटबॉल आपल्याकडचा नव्हे. यात लांबट चेंडू हातात घेऊन, आडव्या येणाऱ्यांना चुकवत किंवा धडक देत, समोरच्या रेषेपलीकडे न्यायचा असतो. कार्लाइल ही खरे तर हुन्नर शिकवणारी शाळा. तरीही तिचे सामने देशातल्या मोठमोठ्या कॉलेजांशी होत आणि बहुतेक त्यांच्याच मैदानांवर. प्रशिक्षक होते पॉप वॉर्नर. धिप्पाड खेळाडूंसमोर कार्लाइलची मुले वेग, हुलकावणी आणि नव्या डावपेचांवर भर देत.

१९१२ च्या जुलैमध्ये या संघाचा जिम थॉर्प स्टॉकहोम ऑलिम्पिकमध्ये पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन अशी दोन सुवर्णपदके जिंकून आला आणि काही आठवड्यांतच पुन्हा शाळेच्या मैदानावर उतरला. आदल्या वर्षी सिरॅक्यूजने कार्लाइलला एका गुणाने हरवले होते. या वर्षी कार्लाइलने त्यांना ३३-० असे नमवले. हंगामातले १२ सामने जिंकले, एक बरोबरीत सुटला आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाविरुद्धचा एक गेला.

सर्वांत गाजला तो ९ नोव्हेंबरचा, वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीविरुद्धचा सामना. अमेरिकी फौजेने वुंडेड नी येथे इंडियन स्त्रिया-मुलांसह शेकडो जणांना ठार मारले, त्याला तेव्हा अवघी बावीस वर्षे झाली होती. आता त्याच फौजेचे भावी अधिकारी समोर उभे होते. त्यांच्यात पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले आयझेनहॉवरही होते. कार्लाइलने २७-६ असा विजय मिळवला. वर्तमानपत्रांनी तारीफ केली. मात्र सगळ्या इंडियन लोकांना त्यांच्याच देशाचे नागरिकत्व मिळायला १९२४ साल उजाडावे लागले.

टाळ्यांच्या त्या आवाजात शाळेत काय चालले आहे हे कोणी विचारले नाही. शेवटी मुलांनीच तोंड उघडले. संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे डाव चालवणारा खेळाडू गस वेल्च, याने पुढाकार घेतला. दोनशेहून अधिक विद्यार्थ्यांनी तक्रार अर्जावर सह्या केल्या. १९१४ साली संसदेच्या समितीने चौकशी केली. निकृष्ट जेवण, एका मुलीला झालेली मारहाण, सामन्यांतून जमणाऱ्या पैशांचा ढिसाळ हिशेब, प्रशिक्षकाची शिवराळ भाषा, सारे बाहेर आले. शाळाप्रमुखाला जावे लागले, वॉर्नरही निघून गेले. १९१८ साली शाळाच बंद झाली.

थॉर्पची पदके १९१३ मध्येच काढून घेण्यात आली होती. ऑलिम्पिकपूर्वी त्याने थोड्याशा पैशांसाठी बेसबॉल खेळल्याचे कारण दिले गेले. एकमेव विजेता म्हणून त्याचे नाव पुन्हा नोंदवले गेले ते २०२२ साली, त्याच्या मृत्यूनंतर जवळजवळ सत्तर वर्षांनी. कार्लाइलच्या कब्रस्तानातून आपल्या मुलांचे अवशेष घरी नेण्याचे काम जमातींनी २०१७ पासून सुरू केले आहे.

वेस्ट पॉइंटची जीत मोठी होतीच. पण ज्याच्या पाठीवर सगळे शाबासकी देत होते, त्या मुलाने आपल्या मुक्या सोबत्यांसाठी अर्ज करावा, याला मी त्याहून मोठी हिंमत मानते. मैदानाने त्या मुलांना इज्जत मिळवण्याची एक जागा दिली. इन्साफ मात्र त्यांना मागून घ्यावा लागला.

म्हणून कपाट जरूर पाहा, पण तिथेच थांबू नका. जी मुले कधीच जिंकत नाहीत, त्यांच्याशी शाळा कशी वागते ते पाहा. घरात बोलली जाणारी भाषा वर्गात निघाली तर मुलाची थट्टा होते का, ते विचारा. आणि तुमचे मूल शाळेची तक्रार घेऊन आले, तर "एवढी नावाजलेली शाळा आहे" असे म्हणून त्याला गप्प करू नका. आधी त्याचे पूर्ण ऐकून घ्या.