उदास नाटक पाहावे का?

2014 साली लंडनहून आमच्या भाचीने विचारले, "खाला, यंग विकमध्ये बेकेटचं 'हॅपी डेज' लागलंय. ज्युलिएट स्टीव्हनसन नावाजलेली अभिनेत्री. पण नाटक फार उदास म्हणतात. जाऊ का?"

नाटक 1961 सालचे. पहिल्या अंकात कमरेपर्यंत मातीत गाडलेली विनी उठताच प्रार्थना करते, दात घासते. दुसऱ्या अंकात माती गळ्यापर्यंत येते, तरी ती बोलतच राहते. नवरा ढिगाऱ्यामागे, क्वचितच उत्तर देतो.

करमणूक हवी असेल तर जाऊ नये. पण दिवसभर एकट्याच बोलणाऱ्या बायका आपल्याही घरांत आहेत. आम्ही कळवले, "बेटा, जरूर जा. जावईबापूंनाही ने. परतताना मात्र दोघंही बोला."