नोंद आधी, भूसंपादन नंतर

१२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतू खुला झाला आणि मुंबईची वेस थेट उरणला येऊन भिडली. त्याच वर्षी उरण, पनवेल व पेण तालुक्यांतील १२४ गावांच्या क्षेत्रासाठी मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची नवनगर विकास प्राधिकरण म्हणून नेमणूक झाली. ‘तिसरी मुंबई’ म्हणतात ती हीच. विरार-अलिबाग मार्गिका येऊ घातली आहे आणि अलिबाग-मुरूडच्या किनाऱ्यावर जमिनीचे भाव गुंठ्याच्या हिशेबाने बोलले जात आहेत. मोबदला किती, विकसित भूखंड किती टक्के, याच प्रश्नांभोवती सारी चर्चा फिरते. त्याआधीचा प्रश्न मागेच राहतो. जमिनीवर कोणाकोणाचा हक्क आहे, हे सरकारदप्तरी खरेखुरे लिहिलेले आहे काय? रायगडच्या किनारपट्टीत अनेक ठिकाणी ते तसे लिहिलेले नाही. म्हणून गावोगाव चौकशी होऊन हक्कांच्या नोंदी पुऱ्या झाल्याशिवाय येथे एक गुंठाही संपादित होऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

सातबारा म्हणजे मालकीचा अखेरचा दाखला, हा आपल्याकडचा सार्वत्रिक समज. कायदा तसे म्हणत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५७ नुसार हक्कनोंदीतील मजकूर विरुद्ध पुरावा येईपर्यंत खरा मानायचा असतो, इतकेच. महसुली नोंदीने मालकी निर्माण होत नाही आणि संपतही नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितले आहे. सातबारा मुळात शेतसारा कोणाकडून वसूल करायचा हे ठरवणारा कागद. पण व्यवहारात ओझे उलट बाजूला पडते. ज्याचे नाव रकान्यात आहे त्याने काहीच सिद्ध करायचे नसते. ज्याचे नाव नाही त्याने तलाठ्यापासून प्रांतापर्यंत आणि तिथून दिवाणी न्यायालयापर्यंत पिढ्यान्‌पिढ्या खेटे घालायचे. सामाईक खात्यात चुलत्यांची नावे असतात, पोटहिश्श्यांची मोजणी झालेली नसते. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतका हक्क दिला, तरी भाव वाढल्याची कुणकुण लागताच बहिणींसमोर हक्कसोडपत्र ठेवले जाते.

आपले नाव दप्तरी लागावे यासाठी याच जिल्ह्याने केवढी किंमत मोजली आहे! तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात खोत आणि सावकारांच्या जाचाविरुद्ध अलिबाग तालुक्यातील चरी येथे १९३३ साली नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. कुळांनी सहा वर्षे शेते ओस ठेवली, उपासमार सोसली, पण माघार घेतली नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि १९३७ मध्ये त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १९३९ चा कूळ कायदा, १९४८ चा कुळवहिवाट कायदा, खोती निर्मूलन आणि १ एप्रिल १९५७ चा कृषकदिन ही सारी त्या लढ्याच्या वाटेवरची फळे. कृषकदिनी कसणारा कायद्याने खरेदीदार ठरला. पण न्यायाधिकरणाकडून किंमत ठरवून घ्यायची, ती भरायची आणि कलम ३२म चे प्रमाणपत्र मिळवायचे, ही वाट ज्यांना पुरी करता आली नाही त्यांचे नाव ‘इतर हक्क’ या रकान्यातच अडकले. काहींचे तर तिथेही चढले नाही. मोठा प्रकल्प येतो तेव्हा नोटीस पहिल्या रकान्यातल्या नावाला जाते. इतर हक्कातल्या कुळाला तंटा करूनच आपले अस्तित्व दाखवावे लागते.

किनाऱ्यावर हा घोळ आणखी गुंतागुंतीचा होतो, कारण इथली जमीनच स्थिर नाही. पेण-अलिबागच्या खारेपाटात समुद्र अडवून शेती उभी राहिली ती गावकऱ्यांनी श्रमाने घातलेल्या बांधांवर. उधाणाच्या भरतीत बाहेरकाठ्याला, म्हणजे समुद्राकडच्या बांधाला, खांड पडली की खारे पाणी भाताच्या खाचरात शिरते. बांध वेळेत दुरुस्त झाला नाही तर शेत नापीक होते, पीकपाहणीत ‘पड’ लागते आणि काही वर्षांत तिथे कांदळवन उभे राहते. कांदळवन राखलेच पाहिजे; पण ज्याची शेती बांधाच्या हेळसांडीमुळे बुडाली, त्याचा हक्क त्या झाडीबरोबर बुडवण्याचे कारण नाही. कोळीवाड्यांत घर गावठाणात असले तरी होड्या ओढायची आणि मासळी सुकवायची जागा सरकारच्या नावे असते. वहिवाट पिढ्यांची, कागद मात्र कोरा. कातकऱ्यांच्या कित्येक वाड्या खासगी मालकीच्या जागेवर आहेत. मालकाने जमीन विकली की नवा खरेदीदार कुंपण घालतो आणि वाडीची वाट बंद होते. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने कुळे, बटाईदार, शेतमजूर आणि मच्छीमार यांनाही बाधित कुटुंबांत धरले आहे. पण आधीची तीन वर्षे आपली उपजीविका त्याच जागेवर होती, हे ते दाखवणार कशाने? नोंदच नसेल तर कायद्याने दिलेला हक्क हातात पडत नाही.

अशी चौकशी करत बसलो तर विकास रखडेल, हा पहिला आक्षेप. रायगडचा अनुभव नेमका उलटा आहे. न्हावा-शेवा बंदर परिसरातील जमिनींसाठी जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले, गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व पुढे आले. तरी बंदराच्या प्रकल्पग्रस्तांना इरादापत्रे मिळायला २०१४ साल उजाडले. महामुंबई सेझसाठी पेण, पनवेल, उरणमधील जमीन घ्यायचे ठरले, तेव्हा २१ सप्टेंबर २००८ रोजी पेणच्या २२ गावांत शेतकऱ्यांचे मत अजमावावे लागले. मोठ्या संख्येने विरोध नोंदला गेला आणि अखेर ते संपादनच बारगळले. घाईने वेळ वाचत नाही. तंटा सुरुवातीला सोडवला नाही तर तो शेवटी न्यायालयात आणि रस्त्यावर सोडवावा लागतो.

दुसरा आक्षेप अधिक विचार करण्याजोगा आहे. जुन्या हक्कांचा काथ्याकूट कशाला, सरकारने संगणकीकृत नोंदी करून मालकीची थेट हमी द्यावी, म्हणजे वाद कायमचे मिटतील, असे काही जाणकार म्हणतात. या पद्धतीचा जन्म १८५८ साली दक्षिण ऑस्ट्रेलियात, रॉबर्ट टॉरेन्स यांच्या पुढाकाराने झाला. नोंदवहीत नाव तोच मालक, असा हा सुटसुटीत नियम. तो तिथे सहज लागू झाला, कारण मूळ रहिवाशांचा जमिनीवर हक्कच नाही असे आधीच गृहीत धरले गेले होते. ते गृहीतक खोटे होते हे तिथल्या उच्च न्यायालयाने माबो खटल्यात मान्य केले ते १९९२ मध्ये. हमीची मालकी आम्हालाही हवी आहे. परंतु अपुऱ्या नोंदीवर अखेरचा शिक्का मारला तर कुळाचा, बहिणीचा, कोळ्याचा आणि कातकऱ्याचा दावा कायमचा संपेल. क्रम महत्त्वाचा आहे: आधी चौकशी, मग शिक्का.

मालक राजीखुशीने विकत असेल तर सरकारने आडवे का यावे, असेही विचारले जाते. मालकाने आपला वाटा जरूर विकावा. पण एकट्याच्या सहीने इतरांचे हक्क विकले जाऊ नयेत. विक्रीवर कायद्याचे बंधन असणे नवे नाही: कूळ कायद्याच्या कलम ६३ ने बिगरशेतकऱ्याला शेतजमीन विकण्यावर बंधन घातलेच आहे. म्हणून १२४ गावांत आणि अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनच्या किनारी गावांत मुदत ठरवून मोहीम घ्यावी. प्रत्येक गावात चावडीवाचन व्हावे, जागेवर जाऊन प्रत्यक्ष वहिवाटीचा पंचनामा व्हावा, भूमी अभिलेख विभागाने पोटहिश्श्यांची मोजणी विनाशुल्क करावी, प्रलंबित कूळ प्रकरणे निकाली काढायला स्वतंत्र अधिकारी द्यावेत आणि मासळी सुकवण्याच्या जागा व आदिवासी वाड्या नकाशावर आणाव्यात. हे सारे सध्याच्या कायद्यांत बसणारे आहे. लागते ते मनुष्यबळ आणि इच्छाशक्ती. सरकारने संपादनाची अधिसूचना काढण्याआधी चावडीवाचनाच्या तारखा जाहीर कराव्यात. आणि गावकऱ्यांनीही दलाल दारात येण्याची वाट न पाहता आपला सातबारा आजच काढावा, ‘इतर हक्क’ हा रकाना नीट वाचावा आणि जे नाव तिथे असायला हवे पण नाही, त्यासाठी अर्ज द्यावा.