आवाज तिचा, मालकी कुणाची?

माझी भाची फिनलंडच्या 'नाइटविश' या सिम्फनिक मेटल बँडची भक्त. त्यांचा 2007चा 'डार्क पॅशन प्ले' तिने मला ऐकवला. नवी गायिका घेऊन केलेलं दणदणीत पुनरागमन, असं त्याचं कौतुक. गाणी मलाही आवडली. राग आला तो मागची हकिकत कळल्यावर.

ऑक्टोबर 2005. हेलसिंकीतली मैफल गाजवून तार्या तुरुनेन मंचावरून उतरली आणि चौघा पुरुष सहकाऱ्यांचं पत्र तिच्या हातात पडलं : तू आता आमच्यात नाहीस. तेच पत्र जगजाहीरही केलं. ठपका काय, तर पैसा मोठा झाला आणि नवऱ्याने तिला बदलवलं. (आपल्याकडे मुलगा बदलला की सुनेने फूस लावली! बाईला स्वतःचं मत असेल, हे मात्र कुणालाच सुचत नाही.)

वेगळं होण्याला माझी हरकत नाही. पण नऊ वर्षं बरोबर गायलेल्या बाईशी समोरासमोर बसून बोलता येत नाही? वर नव्या अल्बममध्ये तिला उद्देशून निरोपाचं गाणं, तेही नव्या आनेत ओल्झोनच्या तोंडी! पुढे पाच वर्षं रसिक आनेतला तार्याच्या मापाने मोजत राहिले. 2012मध्ये अमेरिकेच्या दौऱ्यातच तीही गेली, तिसरी आली. गाणी रचणारा, ठरवणारा मात्र तोच.

तार्याचा स्वतःचा 'माय विंटर स्टॉर्म'ही 2007चाच. भाचीकडे तो नव्हता. मी मागवायला सांगितलाय.