जळकी मोटार आणि नवा जोडधंदा



जोडधंदा म्हटले की आम्ही शेतीखात्याची माणसे दोन संकरित गाई आणि शंभर कोंबड्या यांच्या पलीकडे सहसा बोलत नाही. त्यात काही चूक नाही. परंतु हल्ली गटातून फिरताना आम्हांला एक निराळाच धंदा दिसू लागला आहे. सभासदांची पोरे जळक्या मोटारी, बंद टी.व्ही., मिक्सर, मोबाईल, इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या गोळा करून विकत आहेत. एका सभासदाने तर आम्हांला गट ऑफिसबाहेर कोपऱ्यात नेऊन हळूच विचारले, "साहेब, पोरगं भंगार गोळा करतंय. लोकं काय म्हणतील?"

आमचे मत असे, की लोकांना काय म्हणायचे ते म्हणू द्यावे. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने रानात उभा राहतो. बिल येते ते सोसायटीचे कर्ज वळते होऊन. मधल्या काळात पोरांची फी आणि दवाखाना काही थांबत नाही. आठवड्याला चार पैसे हातात येत असतील तर त्यात कमीपणा कसला? मळी आणि बगॅससुद्धा एके काळी टाकाऊच समजत. आज त्यांतून अल्कोहोल निघते, वीज निघते.

मात्र धंदा करायचा तर माल ओळखता आला पाहिजे. बहुतेकांची पहिली ठेच लागते ती मोटारीच्या वाइंडिंगला. ॲल्युमिनियमच्या तारेवरही लाल-तपकिरी व्हार्निश असते, ती वरून तांब्यासारखीच दिसते. पोरगा तांब्याच्या हिशेबाने मोटार घेतो आणि घरी फोडल्यावर डोक्याला हात लावतो. ब्लेडने तार जरा खरवडावी. आत पांढरी निघाली तर ॲल्युमिनियम. ते वजनाला तांब्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही हलके आणि भावाला तर फारच खाली.

दुसरी गोष्ट, सगळेच किलोवर विकू नये. आधी बघावे, वस्तू चालू होते का? नाही तर तिचा एखादा भाग चालतो का? दोन्ही नसेल तरच तराजू. मिक्सरचे भांडे, पंख्याची पाती, स्टार्टरचा रिले हे ज्याला हवे असते तो वजनाच्या भावापेक्षा नक्कीच जास्त देतो. आणि स्टार्टरचे घासलेले कॉन्टॅक्ट पॉइंट आपण उकिरड्यावर फेकतो, त्यांत चांदीचा अंश असतो. किती सभासदांना हे ठाऊक आहे?

जुना फुगीर टी.व्ही. मात्र फुकट मिळाला तरी विचार करून घ्यावा. त्याच्या काचेत शिसे असते, नळी फुटली तर काच अंगावर उडते, आणि ती काच कोणी विकत घेत नाही. तांब्याची चार वेटोळी काढून घेतल्यावर ढीग आपल्याच गोठ्यामागे राहतो.

आता ज्यासाठी मुद्दाम लेखणी उचलली ते सांगतो. लागणीच्या नोंदी घेत असताना एका शिवारात आम्हांला काळा धूर दिसला. ऊस पेटला समजून धावत गेलो, तर दोन पोरे बांधावर पाचटात केबल जाळत बसलेली. पाच फुटांवर तोडणीला आलेला ऊस! ऊस वाचला हे नशीब. पण केबलच्या प्लॅस्टिकच्या धुरात आम्ल असते, डायॉक्सिनसारखे जहर असते, ते पोरांच्या छातीत जाते आणि राखेतून रानातही उतरते. बरे, इतके करून फायदा काय? जळालेले तांबे काळे पडते आणि व्यापारी त्याला भाव कमी देतो. सोललेल्या तांब्याला जास्त मिळतो. म्हणजे जाळणारा तोट्यातच.

तीच गोष्ट ॲसिडची. मोबाईलच्या पट्टीत सोने असते हे खरे. पण ते ॲसिडने काढण्याच्या नादात उत्तर प्रदेशात मुरादाबादजवळ रामगंगा नदीच्या काठाची काय दशा झाली, ते जाणकार सांगतात. आपल्याकडे ते पाणी ओढ्याला जाईल, ओढ्याचे विहिरीला आणि विहिरीचे उसाला. बॅटरी फोडून शिसे काढणेही तसेच. शिशाची धूळ कपड्यांवरून घरात येते आणि लहान मुलांच्या मेंदूवर जाते. बॅटरी अखंड विकावी.

कायदाही आता तसाच आहे. १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू झाले. टी.व्ही., संगणक, मोबाईल असा माल फोडून त्यातून धातू काढणारा रिसायकलर, तसेच जुना माल दुरुस्त करून विकण्याचा उद्योग करणारा, यांना केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणी लागते. पोरांनी फोडाफोडीत न पडता माल गोळा करावा, निवडावा आणि अखंड नोंदणीकृत रिसायकलरला द्यावा. चार गावच्या पोरांनी एकत्र येऊन टेम्पो भरला तर भाडे परवडते. सहकार आणखी वेगळा काय असतो?

एक कडू गोष्ट उरली. तीन कोरच्या चार चौरस मिलिमीटर तांब्याच्या केबलमध्ये १०० मीटरला सुमारे साडेदहा किलो तांबे असते. विहिरीवरची केबल रात्रीत का कापली जाते, ते या आकड्यात आहे. कापणारा ती कोणाला तरी विकतोच. उद्या तो आपल्याच पोराच्या दारात पोते घेऊन उभा राहिला तर? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ प्रमाणे चोरीचा माल जाणूनबुजून घेणाराही गुन्हेगार ठरतो. म्हणून वही ठेवावी. नाव, गाव, फोन, वजन लिहून सही घ्यावी. सही द्यायला जो कांकूं करील त्याचे पोते परत पाठवावे, मग माल किती का स्वस्त असेना. ते तांबे शेजारच्या सभासदाच्या विहिरीवरचेही असू शकते.

भांडवल फार लागत नाही. पक्कड, स्क्रू-ड्रायव्हर, मीटर, तराजू आणि हातमोजे एवढ्यावर सुरुवात होते. उसाच्या बिलावर उचल काढून गोडाऊन बांधायला निघू नये. तांब्याचा भाव जागतिक बाजारावर वरखाली होतो, साठा करून बसणारा नवखा माणूस त्यात बुडतो.

धूर काढणाऱ्या त्या पोरांपैकी एकजण परवा भेटला. ओट्यावर बसून चाकूने केबल सोलत होता. आम्हांला बघून म्हणाला, "साहेब, येळ लागतोय, पण भाव बरा मिळतोय." आम्ही त्याला हातमोजे घालायला सांगितले. घातले नव्हते.